नभोवाणी केंद्रांमधील कार्यक्रमांची प्रत आणि तिचे वेळापत्रक : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नभोवाणीचा इतिहास बहुधा केंद्रांची स्थापना, प्रक्षेपकांची क्षमता आणि लोकप्रिय कार्यक्रम या अंगांनी सांगितला जातो. एका केंद्रावर तयार झालेला कार्यक्रम दुसऱ्या केंद्रावर कसा पोहोचला, तेथे तो केव्हा वाजवावा हे कोणी ठरवले आणि वाजवून झाल्यावर त्या प्रतीचे काय झाले, हे प्रश्न त्या मानाने मागे राहिले आहेत. आज अनेक केंद्रांत हे काम संगणकीय प्लेआउट प्रणाली करतात. मध्यरात्रीनंतर ठरलेल्या मिनिटाला एका केंद्राचा संगणक दुसऱ्याकडून ध्वनिफाइल मागवून घेतो, ठरलेल्या क्रमांकावर साठवतो आणि सकाळी ठरलेल्या वेळी प्रक्षेपित करतो. या क्रियेत मनुष्याचा हात लागतोच असे नाही.

ही व्यवस्था संगणकाबरोबर जन्माला आली, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तिच्यामागे सुमारे शंभर वर्षांची वाटचाल आहे. त्या वाटचालीतील मुख्य टप्पे मांडणे आणि प्रत्येक टप्प्यावर वेळापत्रकाचा अधिकार कोणाच्या हाती होता हे तपासणे, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अभ्यासाची चौकट

प्रस्तुत लेखात ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचनाच्या सोयीसाठी कार्यक्रमाच्या प्रतीशी निगडित तीन वेळा कल्पिल्या आहेत : प्रत पोहोचण्याची वेळ, प्रत वाजण्याची वेळ आणि प्रत बाद होण्याची वेळ. पहिली वेळ वाहतुकीचा, दुसरी संपादनाचा आणि तिसरी विश्वासार्हतेचा प्रश्न निर्माण करते. या तिन्ही वेळा एकमेकींपासून कशा विलग झाल्या व त्यांवरील मानवी देखरेख कशी कमी होत गेली, हे पाहिल्यास तंत्रज्ञानाच्या इतिहासाला सामाजिक अर्थ प्राप्त होतो, अशी या लेखाची धारणा आहे.

तारेवरचे सहक्षेपण आणि तबकडीवरची प्रत

४ जानेवारी १९२३ रोजी न्यूयॉर्कचे डब्ल्यूईएएफ आणि बोस्टनचे डब्ल्यूएनएसी ही दोन केंद्रे दूरध्वनीच्या तारेने जोडून एकच कार्यक्रम दोन्ही ठिकाणांहून प्रक्षेपित करण्यात आला. या सहक्षेपणातून पुढे १९२६ मध्ये एनबीसी हे अमेरिकेचे पहिले मोठे नभोवाणी जाळे आकाराला आले. सहक्षेपणात प्रत अशी नसतेच. पोहोचणे, वाजणे आणि संपणे या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी घडतात. त्यामुळे वेळेचा अधिकार पूर्णपणे मूळ केंद्राकडे राहतो. स्थानिक केंद्र तार जोडू शकते किंवा तोडू शकते. त्यापलीकडे त्याला पर्याय नसतो.

ज्यांना तारेचे भाडे परवडत नव्हते किंवा ज्यांच्या गावापर्यंत तार पोहोचली नव्हती, त्यांच्यासाठी तबकडीचा मार्ग खुला झाला. याचे ठळक उदाहरण शिकागोमध्ये सापडते. फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल हे दोन कलावंत डब्ल्यूजीएन केंद्रासाठी दैनिक विनोदी मालिका करीत होते. तिचे ध्वनिमुद्रण करून इतर केंद्रांना पुरवण्याची त्यांची कल्पना केंद्राने मान्य केली नाही. तेव्हा १९२८ मध्ये ते डब्ल्यूएमएक्यू केंद्राकडे गेले आणि तेथे ‘एमॉस अँड अँडी’ ही मालिका सुरू झाली. तिच्या भागांच्या तबकड्या आगाऊ तयार करून अन्य शहरांतील केंद्रांना पाठवल्या जात. तारेवाचून जाळे निर्माण करण्याचा हा प्रारंभीचा यशस्वी प्रयत्न होय. येथे पोहोचण्याची आणि वाजण्याची वेळ प्रथमच एकमेकींपासून अलग झाल्या. तबकडी आधी पोहोचे, वाजे नंतर. आणि ती ठरल्या दिवशी वाजेल याची हमी स्थानिक केंद्रावरील माणूस देत असे.

पुढे नभोवाणीसाठी १६ इंच व्यासाच्या, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या व एका बाजूस सुमारे १५ मिनिटांचा कार्यक्रम सामावणाऱ्या खास तबकड्या प्रचारात आल्या. तरीही मोठ्या जाळ्यांनी ध्वनिमुद्रित कार्यक्रमांना दीर्घकाळ दूर ठेवले. प्रत्यक्ष चालू असलेला कार्यक्रम हेच जाळ्याचे वैशिष्ट्य असून मुद्रित कार्यक्रम कोणीही वाजवू शकतो, ही व्यावसायिक भीती त्यामागे होती. परिणामी पूर्व व पश्चिम किनाऱ्यांच्या वेळेतील तीन तासांचा फरक भरून काढण्यासाठी कलावंतांना एकच प्रयोग एका रात्रीत दोनदा सादर करावा लागे. प्रतीवरील अविश्वासाची किंमत कलावंतांच्या श्रमाने चुकवली जात होती.

ब्रिटनमध्ये याच अडचणीला वेगळे उत्तर शोधले गेले. बीबीसीने १९ डिसेंबर १९३२ रोजी एम्पायर सर्व्हिस सुरू केली. जगाच्या निरनिराळ्या भागांत संध्याकाळ निरनिराळ्या वेळी होते. म्हणून दिवसातून पाच वेगवेगळी प्रक्षेपणे योजावी लागली. प्रत्येक वेळी नव्याने कार्यक्रम करणे अशक्य असल्याने ब्लॅटनरफोन या पोलादी फितीवर ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्राचा आधार घेण्यात आला. एकाच मुद्रणाचे वेगवेगळ्या कालविभागांसाठी नियोजित पुनर्प्रक्षेपण ही आजच्या वेळापत्रकबद्ध प्रतिकृतीमागील मूळ कल्पना येथे स्पष्ट दिसते.

ध्वनिफितीचे युग

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय ध्वनिफितीने चित्र पालटले. जर्मनीतील मॅग्नेटोफोन यंत्रे अमेरिकेत आणून जॅक मुलिन या अभियंत्याने त्यांत सुधारणा केल्या. सुप्रसिद्ध गायक बिंग क्रॉस्बी प्रत्यक्ष प्रक्षेपणाच्या बंधनाला कंटाळले होते. मुद्रित कार्यक्रमास मान्यता देणाऱ्या एबीसी जाळ्यावर त्यांनी १९४६ मध्ये आपला कार्यक्रम तबकडीच्या आधारे सुरू केला. एका तबकडीवरून दुसरीवर उतरवताना ध्वनीचा दर्जा घसरत असल्याने १९४७ मध्ये त्यांनी मुलिन यांच्या फितीचा अवलंब केला. त्यांच्या आर्थिक पाठबळामुळे अँपेक्स कंपनीची ध्वनिमुद्रण यंत्रे १९४८ मध्ये बाजारात आली आणि एबीसीने त्यांचा उपयोग कालविभागांतील अंतर भरून काढण्यासाठी केला.

फितीचे महत्त्व केवळ ध्वनीच्या दर्जापुरते नव्हते. फीत कापता व जोडता येत होती, पुसून पुन्हा वापरता येत होती. पुसण्याची सोय झाली आणि प्रत बाद होण्याची वेळ हा प्रश्न प्रथमच प्रत्यक्षात उभा राहिला. एखादी फीत किती दिवस जपावी व केव्हा पुसावी, हा निर्णय आर्थिकही होता आणि सांस्कृतिकही. अनेक देशांतील नभोवाणी संग्रहांत आढळणाऱ्या उणिवांचे एक कारण या निर्णयांत आहे.

भारतीय अनुभव

भारतात नियमित नभोवाणीचा प्रारंभ २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राने झाला. १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. दिल्लीच्या बातम्या आणि १९५२ मध्ये सुरू झालेली संगीताची राष्ट्रीय सभा यांमुळे देशातील केंद्रांना सहक्षेपणाची शिस्त परिचित होती. प्रतीवर आधारलेल्या प्रसारणाचा भारतीय श्रोत्यांना घडलेला सर्वांत प्रभावी परिचय मात्र परदेशी केंद्रावरून झाला. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’ या कार्यक्रमाचे निवेदन अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रित करीत आणि त्या फिती विमानाने कोलंबोला रवाना होत. मुंबईत तयार झालेला कार्यक्रम समुद्रापार जाऊन लघुलहरींवरून पुन्हा मुंबईतच ऐकू येई. या साऱ्या साखळीचे वेळापत्रक विमानाच्या वेळापत्रकाला बांधलेले होते.

याच आव्हानाला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सेवा सुरू झाली. तिच्या उभारणीत कवी पं. नरेंद्र शर्मा यांचा मोठा वाटा होता. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवर व्यापारी प्रसारणाचा प्रयोग सुरू झाला. विविध भारतीचे कार्यक्रम मध्यवर्ती ठिकाणी ध्वनिमुद्रित होत, त्यांच्या फितींच्या प्रती काढल्या जात आणि त्या निरनिराळ्या केंद्रांकडे आगाऊ धाडल्या जात. केंद्रावर फितींची नोंद होई, वेष्टनावरील तारीख पाहून ती यंत्रावर चढवली जाई आणि मधल्या वेळेत स्थानिक जाहिराती व उद्घोषणा गुंफल्या जात.

या पद्धतीचा एक अपरिहार्य परिणाम असा की कार्यक्रमाला ताज्या घटनेचा स्पर्श होऊ शकत नसे. आगाऊ मुद्रित झालेल्या कार्यक्रमात आजचा पाऊस, आजचा निकाल किंवा आजचे निधन यांचा उल्लेख येणार कोठून? ही उणीव स्थानिक उद्घोषक भरून काढीत. गरज पडल्यास नियोजित फीत बाजूला ठेवून वेगळे संगीत लावण्याचा निर्णयही केंद्रावर उपस्थित असलेली व्यक्तीच अमलात आणू शकत असे. मध्यवर्ती प्रत आणि स्थानिक विवेक यांची ही सांगड विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

१९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह कार्यान्वित झाल्यावर नभोवाणी केंद्रांच्या जोडणीसाठी उपग्रहाचा उपयोग होऊ लागला आणि फितींच्या वाहतुकीची गरज क्रमाक्रमाने ओसरली. अमेरिकेत नॅशनल पब्लिक रेडिओने हेच स्थित्यंतर १९७९-८० च्या सुमारास घडवून आणले होते. उपग्रहामुळे प्रत पुन्हा सहक्षेपणात विलीन झाली, म्हणजेच वेळेचा अधिकार पुन्हा केंद्रस्थानी गेला.

स्वयंचलनाची पूर्वतयारी

केंद्रावरील मानवी हाताला पर्याय शोधण्याचे प्रयत्न संगणकाच्या आधीच सुरू झाले होते. अमेरिकेत १९५० च्या दशकात पॉल शेफर यांनी फितींची यंत्रे एका नियंत्रकाला जोडून स्वयंचलित प्रसारणाच्या प्रणाली तयार केल्या. मोठ्या रिळांवरील गाण्याच्या शेवटी २५ हर्ट्झचा, श्रोत्याला सहसा न जाणवणारा संकेत मुद्रित केलेला असे. तो संकेत ओळखताच नियंत्रक पुढील यंत्र सुरू करी. १९५९ च्या सुमारास अखंड फितीचे कार्ट्रिज आले. जाहिरात किंवा उद्घोषणा संपताच ते फिरून पुन्हा आरंभस्थानी येऊन थांबे. कार्ट्रिज, त्याचा क्रमांक आणि त्याचा क्रम या तीन गोष्टींतून वेळापत्रक यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मांडले जाऊ लागले.

या वस्तूची छाप आजच्या संगणकीय परिभाषेवरही आहे. ध्वनिफाइलींच्या नोंदीला अनेक प्रणालींत आजही ‘कार्ट’ म्हटले जाते. फितीचे कार्ट्रिज वापरातून गेले. त्याच्या भोवती तयार झालेली कामाची रीत मात्र टिकून राहिली.

संगणकीय प्लेआउट आणि वेळापत्रकबद्ध प्रतिकृती

१९८९ च्या सुमारास अर्जेंटिनातील ऑस्कर बोनेल्लो यांनी ध्वनिसंकोचनाचा उपयोग करून वैयक्तिक संगणकावर चालणारी ‘ऑडिकॉम’ ही स्वयंचलन प्रणाली विकसित केली. पुढील दशकात डॅलेट, आरसीएस आदी कंपन्यांच्या प्रणाली जगभर पसरल्या. १९९७ मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने ‘ब्रॉडकास्ट वेव्ह’ हे फाइलस्वरूप प्रमाणित केले. त्यामुळे ध्वनीबरोबर त्याचे वर्णनही एकाच फाइलमधून प्रवास करू लागले. फितीच्या वेष्टनावर पूर्वी हाताने लिहिलेली माहिती आता ध्वनीच्या पोटात गेली.

या टप्प्यातील कार्यपद्धती समजून घेण्यास ‘रिव्हेंडेल’ ही प्रणाली उपयुक्त आहे. २००२ पासून विकसित होत असलेली ही मुक्त प्रणाली असल्याने तिची अंतर्गत रचना कोणालाही अभ्यासता येते. तिच्यात ध्वनी फाइलींच्या रूपात आणि त्यांविषयीची माहिती स्वतंत्र माहितीकोशात साठवली जाते. प्रत्येक कार्टला क्रमांक असतो व एका कार्टमध्ये एक किंवा अनेक ध्वनिखंड असू शकतात. तिच्या वेळापत्रक विभागात आठवड्याचे वार आणि घड्याळाची वेळ नमूद करून अनेक प्रकारची कामे नेमता येतात : बाहेरून येणारा कार्यक्रम मुद्रित करणे, दूरच्या संगणकावरून फाइल उतरवून घेणे किंवा आपली फाइल तेथे चढवणे. उतरवलेली फाइल नेमलेल्या ध्वनिखंडाच्या जागी बसते. त्यामुळे दैनंदिन बातमीपत्राचा क्रमांक कायम राहतो आणि आशय रोज बदलतो.

या सुलभ रचनेत एक गंभीर शक्यता दडलेली आहे. समजा, पहाटे पाच वाजता बातमीपत्र उतरवून घेण्याचे काम नेमलेले आहे आणि त्या रात्री जोडणी तुटली. क्रमांक तोच असल्याने सहा वाजता प्रणाली त्या जागी असलेली फाइल, म्हणजे कालचे बातमीपत्र, निमूटपणे वाजवील. श्रोत्याच्या दृष्टीने हा दोष शांततेपेक्षा अधिक घातक आहे, कारण शांतता ओळखू येते. शिळी बातमी चटकन ओळखू येत नाही. यावर दोन उपाय योजले जातात. पहिला, मागवायच्या फाइलच्या नावातच त्या दिवसाची तारीख गुंफणे, जेणेकरून कालची फाइल चुकून पुन्हा उतरणार नाही. दुसरा, प्रत्येक ध्वनिखंडाला वैधतेची आरंभतारीख व अंतिम तारीख देणे, जेणेकरून मुदत उलटलेला खंड प्रणाली वाजवणारच नाही. पहिला उपाय पोहोचण्याच्या वेळेचा आहे, दुसरा बाद होण्याच्या वेळेचा. आणि त्यांपैकी दुसरा अधिक मूलगामी आहे. पहिल्याने चुकीची प्रत येणे टळते, पण जागेवर आधीच असलेल्या शिळ्या प्रतीला केवळ दुसराच रोखू शकतो.

मात्र त्याने आणखी एक प्रश्न निर्माण होतो. मुदत संपलेली प्रत वगळल्यावर त्या जागी काय वाजावे? संगीत, पर्यायी कार्यक्रम की उद्घोषणा? फितीच्या काळात याचे उत्तर ड्यूटीवरील अधिकारी त्या क्षणी देत असे. संगणकीय व्यवस्थेत ते आधीच लिहून ठेवावे लागते. ज्या आपत्तीची कल्पनाच कोणी केलेली नाही, तिचे उत्तर लिहून ठेवणे अर्थातच शक्य नसते.

मायनॉट येथील घटना

या मर्यादेची चर्चा ज्या घटनेमुळे व्यापक झाली, ती अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील मायनॉट या लहान शहरात घडली. तिची पार्श्वभूमी कायद्याची आहे. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीच्या मालकीच्या नभोवाणी केंद्रांवरील राष्ट्रीय मर्यादा उठवली. त्यानंतर क्लिअर चॅनल या कंपनीच्या ताब्यात १२०० हून अधिक केंद्रे आली. अनेक केंद्रांवरील निवेदने दूरच्या शहरांत मुद्रित होऊन संगणकीय जाळ्यातून पाठवली जात. मायनॉटमधील सहाही व्यापारी केंद्रे याच कंपनीकडे होती.

१८ जानेवारी २००२ रोजी मध्यरात्रीनंतर सुमारे दीड वाजता शहराजवळ एक मालगाडी रुळांवरून घसरली. निर्जल अमोनियाच्या पाच टाक्या फुटून विषारी वायूचा ढग वस्तीवर पसरला. एका व्यक्तीचा मृत्यू झाला आणि तीनशेहून अधिक लोकांना इजा झाली. नागरिकांना सूचना देण्यासाठी नभोवाणी केंद्राशी संपर्क साधण्याचा पोलिसांचा प्रयत्न त्या निर्णायक काळात सफल झाला नाही. केंद्रावर कर्मचारी उपस्थित होता, दूरध्वनी मार्ग नागरिकांच्या विचारणांनी भरून गेले होते आणि स्थानिक यंत्रणेने आपत्कालीन सूचना प्रणाली योग्य रीतीने वापरली नाही, अशी कंपनीची बाजू होती. दोषाची विभागणी कशीही केली तरी एक गोष्ट उरते. सहा केंद्रांची सामग्री नियोजनाप्रमाणे वाजत राहिली. शहराला त्या घटकेला लागणारे एक वाक्य मात्र कोणत्याही वेळापत्रकात नव्हते.

भारतातील नियमन

भारतात खाजगी एफएम केंद्रे २००१ पासून सुरू झाली. २००५ च्या दुसऱ्या टप्प्याच्या धोरणात एकाच कार्यक्रमाचे अनेक केंद्रांवरून प्रसारण करण्याची मुभा एकाच विभागातील ‘क’ आणि ‘ड’ वर्गातील, म्हणजे तुलनेने लहान, शहरांपुरती मर्यादित होती. २०११ च्या तिसऱ्या टप्प्यात परवानाधारकाला स्वतःच्या जाळ्यात अशा जोडणीची अधिक व्यापक मोकळीक मिळाली. लहान शहरांत जाहिरातींचे उत्पन्न मर्यादित असल्याने स्वतंत्र कर्मचारीवर्ग परवडत नाही, हे या सवलतीमागील आर्थिक कारण समजण्यासारखे आहे. परंतु त्याचा अर्थ असाही होतो की ज्या शहरांना प्रसारमाध्यमांचे अन्य स्थानिक पर्याय कमी आहेत, तेथेच बाहेरून आलेल्या प्रतीचे प्रमाण वाढण्याची शक्यता सर्वाधिक आहे. याउलट २००६ च्या सामुदायिक नभोवाणी धोरणाने किमान निम्मा आशय स्थानिक समुदायाच्या सहभागातून तयार व्हावा, अशी अपेक्षा ठेवली. एकाच देशात थोड्या काळाच्या अंतराने आलेली ही दोन धोरणे प्रतीविषयीच्या दोन भिन्न भूमिका दर्शवतात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. केंद्राकेंद्रांमधील वेळापत्रकबद्ध प्रतिकृती ही संगणकाची देणगी नाही. तिची मूलतत्त्वे १९२८ च्या तबकड्यांत, १९३२ च्या पोलादी फितीत आणि विविध भारतीच्या फितवाहतुकीत अस्तित्वात होती. संगणकाने वाहतुकीचा खर्च व विलंब जवळजवळ नाहीसा केला.

२. प्रत पोहोचण्याची, वाजण्याची आणि बाद होण्याची वेळ या तिन्ही आरंभी एकाच क्षणात सामावलेल्या होत्या. तबकडीने पहिल्या दोन विलग केल्या, ध्वनिफितीने तिसरी स्वतंत्र केली आणि संगणकीय प्रणालीत तिन्ही आगाऊ लिहून ठेवण्याच्या सूचना बनल्या.

३. तिन्हींपैकी बाद होण्याच्या वेळेकडे सर्वांत उशिरा लक्ष गेले. प्रसारणाची विश्वासार्हता मात्र तिच्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.

४. प्रतिकृतीमुळे स्थानिक केंद्राचे महत्त्व संपुष्टात यावे असा तंत्रज्ञानाचा आग्रह नाही. विविध भारतीच्या फितींच्या काळात आशय मध्यवर्ती असूनही निर्णय घेणारी व्यक्ती केंद्रावर उपस्थित होती. ही उपस्थिती मालकीच्या व नियमनाच्या धोरणांनी कमी होते किंवा टिकते.

नभोवाणीच्या धोरणाचा विचार करताना किती तास स्थानिक आशय असावा याची चर्चा नेहमी होते. तिच्या जोडीला आणखी एक निकष विचारात घ्यावयास हवा : चालू असलेले वेळापत्रक थांबवून बोलण्याचा अधिकार असलेली व्यक्ती त्या शहरात, रात्रीच्या दीड वाजताही, उपलब्ध आहे काय? या निकषाची पूर्तता होत असेल तर बाहेरून आलेली प्रत ही सोय ठरते. तशी ती होत नसेल, तर ते केंद्र त्या शहराचे नाव धारण करणारे एक दूरस्थ यंत्र ठरते.